न्यूझीलंडच्या रस्त्यावर दोघेच : किलोमीटर नव्हे, तास मोजा

सहल कंपनीच्या बसमधून पन्नास जणांसोबत परदेश पाहण्याऐवजी भाड्याची मोटार घेऊन दोघांनीच देश पालथा घालावा, अशी इच्छा असणाऱ्या मराठी जोडप्यांची पहिली पसंती अनेकदा न्यूझीलंडला असते. त्याची कारणे उघड आहेत. तेथे वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. पाट्या इंग्रजीत असतात. रस्ते चांगले आणि मोकळे आहेत. शिवाय भारतीय परवाना इंग्रजीत असेल तर पर्यटकाला त्यावर मोटार चालवता येते. मात्र याच सोयींमुळे हा प्रवास आहे त्यापेक्षा सोपा वाटू लागतो आणि नियोजनातील बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते.

दक्षिण बेट हे या प्रवासाचे मुख्य क्षेत्र. क्षेत्रफळाने ते महाराष्ट्राच्या जवळपास निम्मे, पण लोकसंख्या अवघी १२ लाखांच्या आसपास. मधोमध सदर्न आल्प्स ही पर्वतरांग उभी असल्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या खिंडी मोजक्याच आहेत. एखादा रस्ता बंद पडला तर त्याला समांतर दुसरा रस्ता क्वचितच सापडतो. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर प्रत्यक्षात दिवसभराचे ठरू शकते, ते यामुळेच.

मिलफर्डचे गणित

क्वीन्सटाउन आणि मिलफर्ड साउंड ही दोन ठिकाणे याचे उत्तम उदाहरण आहेत. दोहोंमधील हवाई अंतर शंभर किलोमीटरही नाही. परंतु मध्ये डोंगर असल्याने रस्ता ते आनाउ गावावरून मोठा वळसा घेतो आणि एका बाजूचे अंतर सुमारे २९० किलोमीटर होते. जाऊन-येऊन हा प्रवास मुंबईहून गोव्याला जाण्याइतका भरतो. तरीही ‘क्वीन्सटाउनहून एका दिवसात मिलफर्ड’ असे वेळापत्रक अनेक जोडपी आखतात. सकाळी सहाला निघायचे, दुपारची बोटफेरी गाठायची आणि अंधारात परतायचे. यात गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला किमान आठ तास स्टिअरिंग येते आणि त्यातले शेवटचे तीन-चार तास थकलेल्या डोळ्यांनी काढावे लागतात. ज्यांना एका दिवसातच जायचे आहे त्यांनी सरळ तेथील बससहलीचे तिकीट काढावे. मोटारीनेच जायचे असेल तर ते आनाउ येथे दोन रात्रींचा मुक्काम हवा.

ते आनाउपासून मिलफर्ड ११८ किलोमीटर. एवढ्या अंतराला न थांबता दोन तास लागतात, पण न थांबता जाणारा पर्यटक विरळाच. वाटेत १९५४ मध्ये खुला झालेला, सव्वा किलोमीटर लांबीचा, मिलफर्डच्या दिशेने उतरत जाणारा होमर बोगदा आहे. गर्दीच्या काळात तेथे एका वेळी एकाच दिशेची वाहने सोडतात. बोगद्याच्या तोंडाशी थांबलेल्या गाड्यांवर किआ नावाचे पहाडी पोपट उतरतात आणि खिडक्यांचे रबर चोचीने सोलून काढतात. त्यांना खाऊ घालणे अयोग्य समजले जाते आणि भाड्याच्या गाडीच्या बाबतीत ते महागातही पडते. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वर, आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे नवल वाटू नये. उलट, पावसातच तेथील कडे शेकडो धबधब्यांनी भरून जातात. मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये अतिवृष्टीने हाच रस्ता जागोजागी वाहून गेला आणि अडकलेल्या शेकडो पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते.

त्याआधीच्या वर्षी, मार्च २०१९ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावर फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरील पूल पुरात वाहून गेला. फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स ही गावे एकमेकांपासून २५ किलोमीटरच्या आत आहेत. पूल पुन्हा उभा राहीपर्यंत, म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक काळ, एका गावातून दुसऱ्या गावी मोटारीने जाण्यासाठी डोंगररांग ओलांडून शेकडो किलोमीटरची प्रदक्षिणा घालावी लागत होती. सप्टेंबर २०१३ मध्ये तर हास्ट खिंडीच्या रस्त्यावर दरड कोसळून कॅम्परव्हॅनमधून फिरणाऱ्या एका परदेशी जोडप्याचा मृत्यू झाला. त्यानंतर तो रस्ता दीर्घकाळ रात्री बंद ठेवला जात असे. अशा घटना रोज घडत नाहीत. परंतु रोजचा मुक्काम आगाऊ आरक्षित करून, एकही दिवस मोकळा न ठेवता आखलेले वेळापत्रक असल्या एका घटनेने पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळते. दहा दिवसांच्या प्रवासात निदान एक दिवस कोणताही कार्यक्रम न ठेवता सोडावा. रोज सकाळी निघण्यापूर्वी तेथील परिवहन खात्याच्या, म्हणजे वाका कोटाहीच्या, संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती पाहणे हा नाश्त्याइतकाच नित्याचा भाग असावा.

ऋतूंची उलटापालट

आपली मे महिन्याची सुटी म्हणजे तेथील सरता शरद. मे अखेरीस सूर्यास्त पाचच्या सुमारास होतो आणि सकाळी रस्त्याच्या सावलीतल्या भागात बर्फाचा पातळ, जवळजवळ न दिसणारा थर असू शकतो. मिलफर्डच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर या काळात पाट्यांवर तशी सूचना असेल तर चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत ठेवणे बंधनकारक असते. त्या बांधायच्या कशा, हे गाडी ताब्यात घेतानाच शिकून घ्यावे. बर्फात गुडघे टेकून सूचनापत्रक वाचणे ही गंमत नव्हे. ज्यांनी बर्फावर कधी गाडी चालवलेली नाही, त्यांनी मे ते सप्टेंबर हे महिने टाळलेलेच बरे.

डिसेंबर अखेरीस दक्षिणेकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पण नाताळपासून जानेवारी अखेरपर्यंत स्थानिकांच्याही सुट्या असल्याने खोल्या मिळणे कठीण होते आणि दर चढतात. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा काळ सर्वांत सोयीचा. हवा स्थिर, दिवस पुरेसा मोठा आणि गर्दी ओसरलेली. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांना वसंत ऋतू मिळतो. डोंगरमाथ्यांवर बर्फ आणि खाली हिरवळ असते, परंतु पाऊस-वाऱ्याचा भरवसा नसतो.

दोघांपैकी चालवणार कोण?

जोडप्यांच्या मोटारप्रवासातील हा खरा कळीचा प्रश्न. बहुतेकदा त्याची चर्चाच होत नाही. गाडी ‘तो’ चालवणार आणि ‘ती’ नकाशा पाहणार, हे गृहीत धरलेले असते. कित्येकदा तिच्याकडे परवाना असतो, शहरात ती गाडीही चालवते, पण महामार्गाची सवय नसते. दोन हजार किलोमीटरच्या प्रवासात एकाच माणसाने गाडी चालवणे हे आळसाचे नव्हे तर धोक्याचे नियोजन आहे. फ्रान्झ जोसेफच्या पायवाटेवर त्या एकाचा घोटा मुरगळला किंवा त्याला ताप भरला तर दुसऱ्याने काय करायचे? पश्चिम किनाऱ्यावर सार्वजनिक वाहतूक तुरळक आहे.

म्हणून दोघांचेही परवाने सोबत हवेत आणि भाडेकरारात दोघांचीही नावे चालक म्हणून नोंदवलेली हवीत. दुसऱ्या चालकासाठी काही कंपन्या जादा आकार घेतात. तो वाचवण्यासाठी नाव न नोंदवता ‘थोडा वेळ तू चालव’ असे केले आणि त्याच वेळी अपघात झाला, तर विम्याचे संरक्षण मिळत नाही आणि गाडीची सगळी किंमत अंगावर येऊ शकते. परवाना इंग्रजीत नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओकडून मिळणारा हा आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. परवाना इंग्रजीत असला तरी तो काढून ठेवावा, कारण काही भाडेकंपन्या त्याची विचारणा करतात. तेथील भाड्याच्या मोटारी बहुधा ऑटोमॅटिक असतात. गिअरची सवय असलेल्या दोघांनीही निघण्यापूर्वी ओळखीच्या कुणाची तशी गाडी तासभर चालवून पाहावी. डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि ब्रेकवर पडतो.

व्यवहारात उपयोगी पडणारा एक साधा संकेत आहे : दर दीड-दोन तासांनी चालक बदलायचा आणि दोघांपैकी एकानेही ‘थकवा आला’ असे म्हटले की वाद न घालता थांबायचे. ‘अजून तीसच किलोमीटर राहिलेत’ हा युक्तिवाद त्या वेळी ऐकायचा नाही. पाहण्याच्या आवडीही दोघांच्या सारख्या नसतात. एकाला पायी भटकायचे असते, दुसऱ्याला तळ्याकाठी पुस्तक घेऊन बसायचे असते. प्रत्येक दोन-तीन दिवसांत एक अर्धा दिवस ज्याचा त्याचा ठेवला, तर बारा-तेरा दिवस चोवीस तास एकाच छोट्या गाडीत राहण्याचा ताण पुष्कळ हलका होतो.

पहिली रात्र गाडीविना

भारतातून जाणाऱ्यांना सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियातील एखाद्या शहरात विमान बदलून जावे लागते आणि दारापासून दारापर्यंत पूर्ण एक दिवस जातो. न्यूझीलंडचे घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे आहे, तेथील उन्हाळ्यात साडेसात तास. म्हणजे तेथे सकाळी नऊला गाडीच्या किल्ल्या हाती येतात तेव्हा शरीराच्या घड्याळात रात्रीचे दीड-अडीच वाजलेले असतात. विमानतळावरच गाडी घेऊन त्याच दिवशी तीन तासांचा पल्ला मारणे हा या प्रवासातील सर्वांत टाळण्याजोगा धोका. पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्येच काढावी आणि गाडी दुसऱ्या दिवशी ताब्यात घ्यावी. भाड्याचा एक दिवसही वाचतो. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ बळी गेलेल्या या शहराने स्वतःला पुन्हा कसे उभारले, हे पायी फिरून पाहण्यासारखे आहे.

तत्पूर्वी विमानतळावर जैवसुरक्षा तपासणी असते. शेतीवर उभा असलेला हा देश बाहेरचे कीटक, बियाणे आणि रोग यांबाबत कमालीचा दक्ष आहे. खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशपत्रकात जाहीर करावी लागते. फळे, मध, दुधाची मिठाई, कच्ची बियाणी यांपैकी बरेच काही जप्त होऊ शकते. पण जाहीर केलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, लपवलेल्या किंवा विसरलेल्या वस्तूबद्दल जागीच ४०० डॉलर होतो. विमानात मिळालेले सफरचंद पिशवीत राहिले, ही सबब चालत नाही. सह्याद्रीत वापरलेले बूट नेणाऱ्यांनी त्यांच्या तळव्यातली माती घासून, धुऊन काढावी. तीही तपासली जाते.

भारतीय नागरिकांना आगाऊ पर्यटक व्हिसा काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि पती-पत्नी एकाच अर्जात समाविष्ट होऊ शकतात. त्यासाठी नात्याचा पुरावा जोडावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून व्हिसा शुल्कासोबत १०० न्यूझीलंड डॉलरचा पर्यटक आकारही प्रत्येकी भरावा लागतो. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणाऱ्या दराने खोल्या आरक्षित करू नयेत.

डावी बाजू तीच, नियम वेगळे

डावीकडून चालणारी वाहतूक पाहून भारतीय चालक निर्धास्त होतो. पण फरक नेमका येथेच आहे. सिग्नल लाल असताना डावीकडे वळण्याची मुभा तेथे नाही. ‘स्टॉप’ची पाटी असेल तेथे रस्ता पूर्ण मोकळा असला तरी चाके थांबलीच पाहिजेत. वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. आपल्या बाजूने अखंड पिवळी रेघ असेल तर ओलांडून पुढे जायचे नाही. थांबलेल्या शाळेच्या बसजवळून ताशी २० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाता येत नाही. खुल्या रस्त्यावर वेगमर्यादा १०० असते, तरी ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. वळणाच्या आधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असा आकडा दिसतो. तो त्या वळणासाठी सुचवलेला वेग असतो आणि घाटवळणांची सवय असलेल्यांनीही तो मानावा.

एकपदरी पूल हे दक्षिण बेटाचे, विशेषतः पश्चिम किनाऱ्याचे, वैशिष्ट्य. पुलाआधीच्या पाटीवर दोन बाण असतात. आपल्या दिशेचा बाण लाल आणि लहान असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. दिवे चमकवणे म्हणजे ‘मी येतोय, बाजूला हो’ असा आपल्याकडचा अर्थ तेथे लावला जात नाही. हॉर्न तर जवळजवळ ऐकूच येत नाही. मागे गाड्यांची रांग लागली असेल तर डावीकडच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्यावे, ही अपेक्षा असते आणि दृश्ये पाहत सावकाश जाणाऱ्या पर्यटकांकडून तिचाच सर्वाधिक भंग होतो. छायाचित्रासाठी रस्त्यातच गाडी उभी करणे तर सर्वस्वी निषिद्ध.

रस्ता निर्मनुष्य असतो तेव्हा वाट चुकण्याची आणखी एक शक्यता असते. गाडी चुकीच्या बाजूला जाण्याचा दोष प्रामुख्याने उजवीकडून चालवणाऱ्या देशांतील पाहुण्यांचा. पण मध्यरेषा ओलांडून वळण ‘कापण्याची’ सवय आपल्याकडे घाटात सर्रास दिसते. समोरून ताशी शंभरने येणाऱ्या गाडीला ती अपेक्षित नसते.

खर्चातील लपलेल्या बाबी

भाड्याच्या जाहिरातीतील दर हा आरंभ असतो. अपघात झाल्यास नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा प्रवाशाने सोसायचा असतो आणि ती रक्कम काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकते. रोज थोडे जादा भरून ती कमी किंवा शून्य करता येते. नवख्या देशात हा खर्च योग्यच म्हणावा. मात्र काच, टायर आणि गाडीचा तळ त्यात येतो की नाही, हे सहीपूर्वी वाचावे. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन रस्ता आणि माउंट कुकजवळचा बॉल हट रस्ता यांसारख्या काही खडीच्या रस्त्यांवर भाड्याची गाडी नेण्यास सहसा मनाई असते. अनामत क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाते आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. डिझेल गाडी घेतल्यास किलोमीटरमागे रस्तावापर कर वेगळा द्यावा लागतो. दक्षिण बेटावर टोलनाके नाहीत, एवढाच दिलासा.

कॅम्परव्हॅनचे आकर्षण मोठे असते. स्वयंपाकघर सोबत असल्याने शाकाहारींना ती सोयीचीही पडते. परंतु वाऱ्यात आणि घाटात ती मोटारीपेक्षा जड चालते, आणि जेथे वाटेल तेथे मुक्काम करता येतो हा समज खोटा आहे. मोकळ्या जागी राहण्यासाठी गाडी स्वयंपूर्ण म्हणून प्रमाणित असावी लागते आणि २०२३ च्या कायद्यानुसार त्यासाठी कायम बसवलेले शौचालय हवे. दोघांसाठी लहान मोटार आणि छोटे स्वयंपाकघर असलेली मोटेलची खोली ही जोडगोळी अनेकदा खर्चात बरोबरीची आणि झोपेत सरस ठरते. शहरातील सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळ, दही, भाज्या मिळतात. लहान गावांतली दुकाने लवकर बंद होतात.

अपघातात इजा झाल्यास पाहुण्यांनाही तेथील सरकारी अपघात भरपाई योजनेतून उपचारांचे साहाय्य मिळते. आजारपण, रद्द झालेले विमान किंवा मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही. त्यासाठी प्रवास विमा हवाच. आणीबाणीचा क्रमांक १११.

चौदा दिवसांचा आराखडा

क्राइस्टचर्चहून टेकापो सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास. येथे एक रात्र. आकाश निरभ्र असेल तर ताऱ्यांसाठी जागे राहावे, कारण हा सगळा टापू २०१२ पासून अंधाऱ्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र आहे. तेथून शंभर किलोमीटरवर आओराकी माउंट कुक, ३,७२४ मीटर. एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टपूर्वी याच शिखरांवर सराव केला होता. येथे दोन रात्री हव्यात, कारण पहिल्या दिवशी शिखर ढगांआड असण्याचीच शक्यता अधिक. पुढे लिंडिस खिंडीतून क्वीन्सटाउन साडेतीन तास, तेथे दोन रात्री. मग ते आनाउ दोन रात्री, वानाका एक.

वानाका ते फ्रान्झ जोसेफ हा पल्ला २८५ किलोमीटरचा. चालवण्याचे तास चार असले तरी हास्ट खिंडीतले धबधबे आणि समुद्रकिनारे पाहता हा पूर्ण दिवसाचा प्रवास मानावा. मोबाइलचा संपर्क बराच काळ नसतो, पेट्रोलपंप तुरळक आहेत. वानाकातच टाकी भरावी आणि नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावेत. नदी किंवा किनाऱ्यावर थांबताना सँडफ्लाय नावाचे चावरे किडे हैराण करतात, त्यांच्यासाठी मलम जवळ असावे. हिमनदीवर उतरायचे तर हेलिकॉप्टर लागते आणि त्याचे उड्डाण हवामानावर अवलंबून, म्हणून फ्रान्झ जोसेफला दोन रात्री. ग्रेमाउथ एक रात्र. वेळ उरल्यास तेथून उत्तरेला तासाभराच्या आत पुनाकाइकीचे थरांचे खडक. तेराव्या दिवशी ९२० मीटर उंचीच्या आर्थर्स पासवरून पुन्हा क्राइस्टचर्च.

विमान त्याच रात्रीचे घेऊ नये. ही खिंड बर्फाने किंवा दरडीने बंद झाली तर उत्तरेकडचा लुईस पास हा पर्याय आहे, पण त्याने जायचे तर दिवसाउजेडी निघता आले पाहिजे. गाडी परत करण्यापूर्वी टाकी भरून घ्यावी, गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि ती अनामत खात्यात परत जमा होईपर्यंत जपून ठेवावीत.